कानांनी वाचायच्या कादंबऱ्या

टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' संपूर्ण ऐकायची तर साठेक तास लागतात. जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च' पस्तीस तासांच्या आसपास जाते, डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफिल्ड'ही जवळपास तेवढीच. 'एकदा निवांत वाचायच्या आहेत' म्हणून वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेल्या या जाडजूड कादंबऱ्या आता लोकलच्या डब्यात, सकाळच्या फेरीत आणि पोळ्या लाटताना ऐकल्या जात आहेत. ऐकणारा मात्र हे सांगताना थोडा ओशाळतो. 'वाचली नाही हो, नुसती ऐकली,' असे म्हणून तो मोकळा होतो. डोळ्यांनी वाचले तरच ते खरे वाचन आणि ऐकणे म्हणजे पळवाट, अशी आपली पक्की समजूत आहे. आजच्या कादंबरीपुरती ती कदाचित चालेलही. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीला लावली की फसते. ती कादंबरी घडत होती तेव्हा तिच्या वाचकांमधला मोठा हिस्सा ती ऐकत होता, लेखकाला हे ठाऊक होते, आणि आज आपल्याला तिच्यातले जे जे कंटाळवाणे वाटते त्यातले बरेचसे कानाच्या सोयीसाठी आलेले आहे. म्हणून या कादंबऱ्या ऐकण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ऐकायच्या कशा, एवढाच प्रश्न आहे.

डिकन्सचा मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर याने एक हकिकत नोंदवून ठेवली आहे. डिकन्सच्या नात्यातल्या घरी कामाला येणारी एक वयस्क बाई तपकिरीच्या दुकानाच्या वर भाड्याने राहत असे. तिला अक्षरओळख नव्हती. पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या भाड्याच्या घरात चहापान होई आणि घरमालक सगळ्या भाडेकरूंना 'डॉम्बी अँड सन'चा नवा अंक मोठ्याने वाचून दाखवी. चहाची वर्गणी भरणाऱ्यालाच चहा मिळे. वाचन मात्र सगळ्यांना खुले. हे सारे एकट्या माणसाने लिहिले आहे हे कळल्यावर ती बाई थक्क झाली, कारण असे काम तीन-चार जणांनी मिळूनच केले असणार अशी तिची समजूत होती. 'डॉम्बी' ऑक्टोबर १८४६ ते एप्रिल १८४८ या काळात दरमहा निघत होती. त्याच्या थोडे आधी, १८४१च्या सुमारास, इंग्लंडमध्ये विवाहनोंदणीच्या वहीत स्वतःच्या हाताने सही करू शकणारे पुरुष साधारण दोनतृतीयांश आणि स्त्रिया जेमतेम निम्म्या होत्या. सही करता येणे म्हणजे आठशे पानांची कादंबरी वाचता येणे नव्हे, हे वेगळे सांगायला नको. शिवाय पुस्तके महाग होती. तीन खंडांतली नवी कादंबरी एकतीस शिलिंग सहा पेन्सला पडे. मजुराची आठवड्याची कमाई त्याहून कमी असे. डिकन्सचा मासिक अंक एका शिलिंगला मिळे, आणि तोही चार-सहा जणांत मिळून घेतला तर कोणालाही झेपे. एक विकत घेणारा, एक वाचणारा आणि सात-आठ ऐकणारे, अशी ही व्यवस्था होती. छापलेल्या प्रतींच्या आकड्यात हे ऐकणारे कुठेच दिसत नाहीत.

या व्यवस्थेने कादंबरीचे अंग कसे घडवले, हे पाहण्याजोगे आहे. 'डेव्हिड कॉपरफिल्ड' मे १८४९ ते नोव्हेंबर १८५० या काळात हप्त्याहप्त्याने निघाली. प्रत्येक अंकात बत्तीस पाने मजकूर आणि दोन चित्रे. शेवटचा अंक जोडअंक. एकूण शब्द साडेतीन लाखांच्या घरात, म्हणजे एका हप्त्याला अठरा हजारांच्या आसपास. शांतपणे मोठ्याने वाचले तर हा मजकूर सुमारे दोन तासांत संपतो, म्हणजे एका संध्याकाळची बेगमी. पुढचा हप्ता थेट महिन्याने. तोवर कोण कोणाचा कोण हे ऐकणाऱ्याच्या लक्षात राहायचे कसे? मागचे पान उलटायची सोय त्याला नाही. मग लेखक पात्रांना खुणा देतो. मिकॉबर येतो तो आता काहीतरी चांगले घडणारच या आशेवर तरंगत येतो. युरिया हीप दरवेळी आपल्या नम्रतेचे तुणतुणे वाजवतो आणि त्याचे ओलसर हात पुन्हा दिसतात. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधला वकील जॅगर्स तर्जनी चावतो आणि अशील गेल्यावर सुवासिक साबणाने हात धुतो. सलग चार दिवसांत पुस्तक संपवणाऱ्याला या पुनरुक्तीचा वीट येतो आणि समीक्षक तिला ढोबळ पात्ररेखा म्हणतात. ऐकताना तीच खूण मदतीला येते. दोन दिवसांच्या खंडानंतर पुन्हा इअरफोन लावला की पहिल्या दोन वाक्यांत माणूस ओळखू येतो. मागच्या घटनांची उजळणी, वाचकाला थेट हाक मारून बोलणारा निवेदक, प्रकरणाच्या शेवटी ठेवलेली उत्कंठा, हे सगळे त्याच गरजेतून आले आहे. आपल्या कीर्तनकारांना ही गरज फार आधीपासून माहीत होती.

डिकन्स हप्त्यांचा लेखक आणि रंगभूमीचा वेडा, त्याच्यावरून सगळ्या शतकाचा निवाडा कसा करायचा, अशी शंका येईल. म्हणून दुसऱ्या टोकाचा लेखक घेऊ. शब्दन् शब्द घासूनपुसून लिहिणारा म्हणून ज्याची ख्याती, तो फ्लोबेर रुआँजवळच्या क्रुआसे इथल्या आपल्या घरात प्रत्येक वाक्य ओरडून म्हणून पाहत असे. जे वाक्य घशातून नीट निघत नाही ते त्याच्या लेखी चुकलेले. १८४९मध्ये त्याने 'सेंट अँथनीचा मोह' ही आपली कृती दोन मित्रांना चार दिवस सलग बसवून वाचून दाखवली. शेवटी मित्रांनी ती आगीत टाकायचा सल्ला दिला. त्यानंतर तो 'मादाम बोव्हारी'कडे वळला. स्तांदालने 'चार्टरहाउस ऑफ पार्मा' १८३८च्या अखेरीस अवघ्या ५३ दिवसांत लेखनिकाला सांगून उतरवली. डोस्टोएव्हस्कीपुढे तर बोलण्यावाचून इलाज उरला नव्हता. १ नोव्हेंबर १८६६पर्यंत नवी कादंबरी दिली नाही तर त्याच्या पुस्तकांचे हक्क नऊ वर्षे प्रकाशकाकडे जाणार होते. त्याने आना स्नित्किना या तरुण लघुलेखिकेला बोलावले आणि 'द गॅम्बलर' २६ दिवसांत तोंडी सांगून पुरी केली. पुढच्याच वर्षी त्याने तिच्याशी लग्न केले, आणि नंतरच्या मोठ्या कादंबऱ्याही बऱ्याच अंशी तिला सांगूनच झाल्या. त्याची पात्रे पानेच्या पाने धाप लागल्यासारखी बोलतात, स्वतःचेच बोलणे तोडतात, पुन्हा तिथेच येतात. छापील पानावर ही गर्दी डोळ्यांना सोसत नाही. चांगल्या आवाजात तीच माणसे समोर येऊन भांडू लागतात.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि वजनदार आक्षेप असा की, ऑडिओबुकमध्ये आपण लेखकाला ऐकत नाही, वाचणाऱ्याने लावलेला अर्थ ऐकतो. हे खरे आहे, आणि ही तक्रार खुद्द जेन ऑस्टेनचीही आहे. जानेवारी १८१३च्या अखेरीस 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची प्रत चॉटनच्या घरी पोहोचली, त्याच संध्याकाळी मायलेकींनी ती शेजारच्या मिस बेनला वाचून दाखवली. लेखिका समोरच बसली आहे, याचा पाहुणीला पत्ता नव्हता. पहिल्या दिवशी मजा आली. पुढच्या वाचनाविषयी मात्र ऑस्टेनने बहिणीला कुरकुरत कळवले की, आई फार भराभर वाचते. तिला पात्रे नीट कळतात, पण त्यांनी जसे बोलायला हवे तसे तिला बोलता येत नाही. चांगल्या-वाईट निवेदनाचा सगळा प्रश्न या तक्रारीत आला. ऑस्टेनच्या गद्यात तर तो फारच नाजूक आहे. 'एमा' या कादंबरीत नायिकेच्या, एमाच्या, मनातला विचार निवेदिकेच्या वाक्यात मिसळून येतो. तो एमाचा गर्व की निवेदिकेची थट्टा, हे छापील पान सांगत नाही. आवाजाला मात्र एक बाजू धरावी लागते. इथे वाचकाच्या हातून काहीतरी जाते, हे मान्यच करायला हवे.

पण याच कादंबरीत काहीतरी परतही मिळते. 'एमा'मधल्या मिस बेट्सची अखंड बडबड डोळ्यांनी वाचणारा वाचक सर्रास ओलांडून जातो, आणि तो तसे करणार हे ऑस्टेनला ठाऊक असावे, कारण फ्रँक चर्चिल आणि जेन फेअरफॅक्स यांच्या गुपिताचे धागे तिने त्या बडबडीतच दडवले आहेत. कानाला उड्या मारता येत नाहीत. ऐकणाऱ्याला मिस बेट्स पुरती सोसावी लागते, आणि म्हणून धागे सापडण्याची शक्यता त्यालाच अधिक. शिवाय एका आवाजाने लावलेला अर्थ हा अखेरचा अर्थ नसतो. या कादंबऱ्यांची एकेक नव्हे, अनेक ध्वनिमुद्रणे आहेत. नाटक जसे वेगवेगळ्या नटसंचात पाहतात तशी ती ऐकता येतात. लेखकाने स्वतः वाचले तरी अर्थ एकच लागतो असेही नाही. डिकन्सने डिसेंबर १८५३मध्ये बर्मिंगहॅमला धर्मादाय कामासाठी 'अ ख्रिसमस कॅरल' वाचली आणि १८५८पासून वाचनाचे व्यावसायिक प्रयोग सुरू केले. त्याच्या वाचनप्रती पाहिल्या तर मजकूर सरसकट छाटलेला, शब्दांखाली रेघा, समासात आवाजाच्या आणि हावभावाच्या सूचना. जे आवाजाने सांगता येते ते शब्द त्याने काढून टाकले. म्हणजे डोळ्यांसाठीचा आणि सभागृहासाठीचा मजकूर तो वेगळा मानत होता. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग १८६९मध्ये वाचू लागल्यावर त्याची नाडी ७२वरून शंभराच्या बरीच पुढे जाई आणि डॉक्टर ती मोजत बाजूला थांबत. अखेरचे वाचन १५ मार्च १८७०ला झाले; ९ जूनला तो गेला. संपूर्ण, न छाटलेले ऑडिओबुक हे या प्रयोगांचे वारस नाही. त्याचे नाते तपकिरीच्या दुकानावरच्या त्या चहापानाशी आहे, आणि तिथे आवाजाचा चढउतार बेताचाच बरा. पात्रागणिक नाटकी आवाज काढणारा निवेदक दहाव्या तासाला नकोसा होतो.

दुसरा आक्षेप आकलनाचा. ऐकलेले खरेच कळते का? यावरचे संशोधन दोन्ही बाजूंना थोडे थोडे देते. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ९१ प्रौढांना एका कथनपर पुस्तकातला मजकूर दिला गेला. काहींनी तो ऐकला, काहींनी ई-रीडरवर वाचला, काहींनी दोन्ही केले. आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. २०१९मध्ये बर्कली इथल्या संशोधकांनी माणसे त्याच कथा ऐकत आणि वाचत असताना मेंदूची प्रतिमाचित्रे घेतली. अर्थ लावणारे भाग दोन्ही वेळा जवळजवळ सारखेच जागे होते. उलट बाजूला २०१०चा एक प्रयोग आहे: विद्यार्थ्यांना पाठ्यमजकूर पॉडकास्ट म्हणून दिला तेव्हा चाचणीत ते वाचणाऱ्यांच्या मागे पडले. आणि २०१३च्या एका अभ्यासात मन भरकटण्याचे प्रमाण ऐकताना सर्वाधिक, मनात वाचताना त्याहून कमी आणि स्वतः मोठ्याने वाचताना सगळ्यात कमी निघाले. यातून निष्कर्ष काढायचा तो असा: गोष्ट असेल तर कान डोळ्यांच्या बरोबरीने चालतो, युक्तिवादाचा किचकट मजकूर असेल तर मागे पडतो, आणि दोन्ही वेळा लक्ष टिकवणे कानाला अवघड जाते. परीक्षेचे पुस्तक ऐकू नये, हे ठीक. कादंबरीला मात्र या निष्कर्षाने फारसा धक्का बसत नाही.

लक्षाचा प्रश्न मात्र उरतोच, आणि तिसरा आक्षेप त्यातूनच निघतो: काम करता करता ऐकलेली 'मिडलमार्च' ही वाऱ्यावरची वरात. याचे उत्तर क्यूबात मिळते. हवानातल्या एल फिगारो या चिरूटांच्या कारखान्यात १८६५मध्ये कामगारांना वाचून दाखवणारा माणूस नेमला गेला. मालकाने त्याला पगार दिला नाही. कामगारांनी आपल्या कमाईतून वर्गणी काढली आणि काय वाचायचे तेही त्यांनीच ठरवले. पुढच्याच वर्षी सरकारने या वाचनावर बंदी घातली, यावरून ते किती कान देऊन ऐकले जात होते ते कळते. प्रथा तरीही पुन्हा उभी राहिली आणि स्थलांतरित कामगारांबरोबर फ्लोरिडातल्या टँपापर्यंत गेली. १९३१मध्ये तिथल्या मालकांनी वाचकांना काढून रेडिओ आणले. वर्तमानपत्रांबरोबर ह्यूगो, ड्यूमा यांच्या कादंबऱ्या वाचल्या जात. माँटेक्रिस्टो हे चिरूटाचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरूनच आले आहे. तंबाखूचे पान सुरळी करणारे हात सरावलेले असतात, त्यांना डोके लागत नाही, म्हणून डोके कादंबरीला मोकळे राहते. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या, रोजच्या वाटेने चालणे ही कामे याच जातीची. ई-मेल लिहिणे किंवा अनोळखी रस्त्यावर गाडी हाकणे ही त्या जातीची नव्हेत. हात गुंतले तर बिघडत नाही, शब्द गुंतले की बिघडते. वेगाचेही तसेच. दीडपट वेगाने ऐकून पुस्तक 'संपवणारे' बरेच आहेत. जॉर्ज एलियटच्या वाक्यात चार उपवाक्ये एकमेकांना अडखळवत येतात आणि शेवटच्या शब्दावर निवाडा लागतो. दीडपट वेगात तो निवाडा लागायच्या आत पुढचे वाक्य सुरू झालेले असते. ऑस्टेनची आई भराभर वाचत होती ती तरी माणसाच्या वेगाने.

सगळ्याच कादंबऱ्या कानाला सारख्याच मानवतात असेही नाही. 'वॉर अँड पीस'मधली रशियन नावे, प्रत्येकाची तीन-तीन रूपे, ऐकणाऱ्याला पहिले पाच तास भंडावतात. शेजारी पात्रांची यादी ठेवावी हे उत्तम. मोठे भूगोल आणि लढायांची मांडणी नकाशावाचून कळत नाही. 'मोबी डिक'मधली देवमाशांच्या वर्गीकरणाची प्रकरणे मात्र आश्चर्यकारकरीत्या आवाजात तरतात. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड इथल्या व्हेलिंग म्युझियममध्ये दर जानेवारीत ती कादंबरी आळीपाळीने सलग पंचवीस तास वाचतात, आणि लोक रात्रभर बसून ऐकतात. २०१२मध्ये प्लिमथच्या विद्यापीठाने तिची १३५ प्रकरणे वेगवेगळ्या वाचकांकडून वाचून घेऊन सर्वांसाठी मोफत ठेवली. आणि ज्यांच्यासाठी ऐकणे हा पर्याय नव्हता, एकमेव वाट होती, त्यांना विसरून हा वाद घालताच येत नाही. दीर्घ पुस्तके तबकड्यांवर मुद्रित करण्याचे तंत्र १९३४-३५मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमध्ये उभे राहिले ते दृष्टिहीनांसाठी, त्यातही पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी. ब्रिटिश तबकडीच्या एका बाजूला पंचवीसेक मिनिटे मावत. त्या माणसांनी ऐकलेल्या कादंबऱ्या 'वाचल्या' नाहीत असे म्हणायला कोणी धजणार नाही. मग डोळस माणसाला वेगळा नियम का?

आजच्या ऑडिओबुकांत एकोणिसाव्या शतकाची गर्दी दिसते त्याचे कारण व्यवहारी आहे: ती पुस्तके स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. २००५मध्ये माँट्रियलहून सुरू झालेल्या लिब्रिवॉक्स या उपक्रमात जगभरचे हौशी वाचक अशी पुस्तके वाचतात आणि ध्वनिफिती सर्वांना खुल्या ठेवतात. दर्जा कमीजास्त असतो, प्रकरणाप्रकरणाला आवाज बदलतो, पण ते वाचन माणसाने माणसासाठी केलेले असते. २०२३मध्ये प्रोजेक्ट गुटेनबर्गने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने सुमारे पाच हजार पुस्तके यंत्राच्या आवाजात आणली. ज्यांना एरवी कोणतेच पुस्तक ऐकायला मिळाले नसते त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. मात्र मिस बेट्स कुठे थांबते आणि का थांबते, हे कळलेला वाचक हवा असेल तर तूर्त माणूसच लागतो.

मराठीपुरते या सगळ्याचे तात्पर्य थेट आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' हप्त्याहप्त्याने दिली. कादंबरी यमू स्वतः सांगते. पुण्यातल्या ब्राह्मण घरातल्या मुलीचे, मग सुनेचे, मग विधवेचे बोलणे तिच्यात आहे. पोथीपुराण एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे हा परिपाठ असलेल्या समाजात ही बोलणारी कादंबरी उतरली. आजच्या वाचकाला तिची लांबी, तेच तेच दुःख पुन्हा सांगणे जड वाटते. ती कोणाच्या तोंडून ऐकली तर यमू आपल्याशी बोलते आहे हे पहिल्या पाच मिनिटांत पटते. 'मुक्तामाला'सारख्या जुन्या कादंबरीच्या अलंकारिक गद्याला ऐकून तेवढा लाभ होणार नाही, हेही सांगायला हवे. स्टोरीटेलसारखी व्यावसायिक सेवा २०१७मध्ये आपल्याकडे आली आणि मराठीत ऐकणाऱ्यांचा वर्ग तयार झाला, ही जमेची बाजू. पण केवळ तिच्यावर विसंबण्याचे कारण नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो आणि हरिभाऊ १९१९मध्ये गेले. त्यांच्या कादंबऱ्या वाचून मुद्रित करायला कोणाची परवानगी लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. जुन्या पुणेरी बायकी बोलण्याची लय जिच्या कानात आहे अशी एखादी चांगली वाचणारी स्त्री, एक माइक आणि शांत खोली एवढे पुरे. साहित्य संस्थांनी, महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आणि गावोगावच्या ग्रंथालयांनी हे काम वाटून घ्यावे, आणि मुद्रित केलेले सर्वांना मोफत द्यावे. वाचकांनी आपल्यापुरते एवढे करावे: यंदाच्या सुटीत एक जुनी कादंबरी निवडावी, वेग वाढवू नये, एका बैठकीला एक हप्ता ऐकावा, आणि जमल्यास घरातल्या आणखी कोणाला तरी सोबत बसवावे.